आघात क्षणाचा, दाह महिन्यांचा

साहित्य मंडळाच्या अंकात मेंदूच्या आजारावरचा लेख कशाला, असं काही वाचकांना वाटेल. पण हा आजार माणसाच्या शब्दांवरच घाला घालतो. शिवाय आपण त्याला जी नावं ठेवली आहेत, त्या नावांमुळे घरोघरी त्याच्याबद्दल एक अपुरी समजूत पक्की झाली आहे. ती समजूत आणि आजचं संशोधन समोरासमोर ठेवावं, एवढाच या अभ्यासलेखाचा हेतू. मी साहित्याची विद्यार्थिनी आहे, डॉक्टर नव्हे. त्यामुळे औषधोपचाराचा सल्ला इथे नाही. समजून घेण्याचा प्रयत्न मात्र मनापासून केला आहे.

१. नावं काय सांगतात?

बेळगावात या आजाराला किती नावं आहेत बघा. जुनी माणसं म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं.’ पुस्तकात ‘अर्धांगवायू’ आणि ‘पक्षाघात’. बाजारात ‘लकवा’. शेजारचे कन्नड बोलणारे ‘पार्श्ववायू’ म्हणतात. इंग्रजीत ‘स्ट्रोक’, म्हणजे पुन्हा फटकाच.

या नावांत दोन गोष्टी समान आहेत. पहिली, ती शरीराच्या एका बाजूबद्दल बोलतात: अर्ध अंग, पक्ष, पार्श्व. हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, पाय ओढतो, हे डोळ्यांना दिसतं म्हणून ते नावात आलं. मेंदू दिसत नाही, म्हणून तो एकाही नावात नाही. दुसरी गोष्ट, ही सगळी नावं एका क्षणाची आहेत. वारं येतं आणि जातं. घाव बसतो आणि संपतो. मग उरतं ते फक्त ‘बरं होणं’.

त्यामुळे घरात हिशेबही तसाच होतो. हात उचलता येऊ लागला, काठी सुटली, की माणूस बरा झाला. पुढे सहा-आठ महिन्यांनी तोच माणूस हिशेबात चुकू लागला, बोलता बोलता धागा सोडू लागला, तर त्याचा त्या जुन्या घावाशी संबंध कुणी लावत नाही. ‘वय झालं’ म्हणून विषय मिटतो. संशोधन सांगतं की हा संबंध लावायला हवा. घाव क्षणाचा असला तरी मेंदूतला दाह आठवडे आणि महिने चालू राहू शकतो.

२. पहिले तास

बहुतेक वेळा मेंदूकडे जाणारी एखादी रक्तवाहिनी गुठळीने बंद होते. काही वेळा ती फुटते. इथे आपण पहिल्या प्रकाराबद्दल बोलू. मेंदूकडे प्राणवायू आणि साखर यांचा साठा जवळजवळ नसतो, रोजचं रोज मिळालं तरच तो चालतो. पुरवठा थांबला की चेतापेशी मरू लागतात. मोठी वाहिनी बंद होऊन उपचार झाला नाही, तर मिनिटाला सरासरी सुमारे १९ लाख चेतापेशी जातात, असा हिशेब अमेरिकेतले डॉक्टर जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली मांडला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, ते याच कारणाने. तोंड वाकडं होणं, एक हात खाली पडणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही अचानक दिसलं तर वाट न बघता स्ट्रोकवर उपचार होतात अशा इस्पितळात न्यायचं.

एवढं बऱ्याच जणांना आता माहीत असतं. यानंतर काय घडतं, ते फारसं माहीत नसतं.

३. दाह म्हणजे काय?

‘दाह’ हा शब्द जळण्यावरून आला. इंग्रजी शब्दही लॅटिनमधल्या ज्वाळेवरूनच आला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने दाहाची चार लक्षणं नोंदवली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. बोट कापलं की ही चारही दिसतात. शरीराची प्रतिकारव्यवस्था जखमेवर धावून आल्याची ती खूण. नंतरच्या वैद्यांनी पाचवं लक्षण जोडलं: त्या अवयवाचं काम बिघडणं.

मेंदूतल्या दाहात पहिली तीन लक्षणं बाहेरून दिसत नाहीत. मेंदूच्या पेशींना स्वतःला वेदना जाणवत नाही, म्हणून चौथंही नाही. उरतं फक्त पाचवं. मेंदूचं काम म्हणजे लक्ष देणं, आठवणं, बेत आखणं, शब्द शोधणं, हिशेब करणं. दाहाची खूण दिसलीच तर तिथे दिसते, आणि नेमकी तीच खूण आपण वयावर ढकलतो.

आत काय चालतं ते क्रमाने पाहू. मरणाऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या आतले रेणू बाहेर सांडतात. शरीर त्यांना धोक्याची सूचना मानतं. पहिल्यांदा जाग्या होतात त्या मेंदूतल्याच मायक्रोग्लिया नावाच्या लहान पेशी. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ साली त्यांना वेगळं ओळखून हे नाव दिलं. एरवी त्या बारीक फांद्या हलवत आजूबाजूचा परिसर तपासत असतात. धोका कळला की त्या गोलसर होतात, मेलेला भाग गिळू लागतात आणि सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात. ही रसायनं म्हणजे मदतीची हाक.

ती हाक रक्तापर्यंत पोचते. एरवी रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये कडक पहारा असतो, रक्तातल्या पेशींना आत सहज वाट नसते. स्ट्रोकनंतर तो पहारा सैल पडतो. काही तासांत आणि दिवसांत पांढऱ्या पेशींचा पहिला जथा आत शिरतो, त्याच्या मागून साफसफाई करणाऱ्या मोठ्या पेशी येतात. हे काम गरजेचं आहे. मेलेला भाग उचलल्याशिवाय दुरुस्ती सुरू होत नाही. पण या पेशी जी तीव्र रसायनं वापरतात, ती शेजारच्या जिवंत पेशींनाही भाजतात. अर्धमेल्या, अजून वाचू शकतील अशा पेशींचं त्यात नुकसान होतं.

हळूहळू आधार देणाऱ्या पेशी मेलेल्या भागाभोवती एक कुंपण घालतात. आतला भाग मऊ होत जातो आणि शेवटी तिथे द्रवाने भरलेली पोकळी राहते. हातावरची जखम भरते तसं मेंदूत मांस भरत नाही. आणि त्या कुंपणाच्या आत दाह बराच काळ धुमसत राहू शकतो.

४. उंदीर आणि माणसं

हे धुमसणं आणि नंतरचा विसराळूपणा यांचा संबंध कसा जोडला गेला? स्ट्रोक होऊन गेलेल्या माणसाला पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो, हे आधीपासून माहीत होतं. कारण स्पष्ट नव्हतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मॅरियन बकवॉल्टर, क्रिस्टियन डॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर काम केलं, ते २०१५ साली प्रसिद्ध झालं. स्ट्रोकनंतरच्या आठवड्यांत मेंदूच्या मेलेल्या भागात बी-पेशी गोळा होत असल्याचं त्यांना आढळलं. बी-पेशी म्हणजे प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशी. ती प्रतिपिंडं जखमेच्या शेजारच्या जिवंत भागात सापडली. त्याच सुमारास उंदरांची शिकण्याची आणि लक्षात ठेवण्याची क्षमता उशिराने घसरली. ज्या उंदरांत बी-पेशी जन्मतः नव्हत्या किंवा औषधाने काढून टाकल्या होत्या, त्यांच्यात ही उशिराची घसरण दिसली नाही. स्ट्रोक आणि स्मृतिभ्रंश दोन्ही असलेल्या काही माणसांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूतही अशा पेशी आढळल्या. काही माणसांच्या, सगळ्यांच्या नव्हे. हा फरक लक्षात ठेवायला हवा.

पुढे २०१९ साली याच गटाने स्ट्रोकच्या २४ रुग्णांच्या रक्ताचा वर्षभर पाठपुरावा केला. प्रतिकारपेशींची हालचाल एका लाटेत संपत नाही, ती टप्प्याटप्प्याने महिनोन् महिने बदलत जाते, असं त्यांना दिसलं. दुसऱ्या दिवशी रक्तात दिसलेली प्रतिक्रिया किती जोराची होती, याचा संबंध तिसऱ्या महिन्यापासून वर्षअखेरीपर्यंत आकलनाच्या चाचणीतल्या गुणांत झालेल्या बदलाशी लागला. २४ हा आकडा लहान आहे. पण दुसऱ्या दिवसाच्या रक्तात पुढच्या वर्षाची चाहूल लागू शकते, ही कल्पनाच आपल्या ‘वारं आलं नि गेलं’ला छेद देणारी आहे.

५. मग दाह विझवून का टाकत नाहीत?

हा प्रश्न मलाही पडला. उत्तर असं की तसे प्रयत्न झाले, आणि ते सोपे निघाले नाहीत. एन्लिमोमॅब नावाचं औषध पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटू देत नाही. स्ट्रोकच्या ६२५ रुग्णांवर त्याची चाचणी झाली, निकाल २००१ साली आला. औषध घेतलेल्यांची अवस्था न घेतलेल्यांपेक्षा वाईट होती. गाउटसाठी वापरतात त्या कोल्चिसिन या जुन्या औषधाने पुढचा स्ट्रोक टळतो का, हे तपासणाऱ्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल २०२४ मध्ये आले. मुख्य निकालात ठोस फायदा सिद्ध झाला नाही. बी-पेशींबद्दलही नंतरच्या उंदरांवरच्या अभ्यासात दिसलं की त्या काही भागांत दुरुस्तीला मदत करतात.

म्हणजे चुलीतली आग आणि घराला लागलेली आग, दोन्ही आगच. एकीवर भाकरी होते. कुठली विझवायची आणि केव्हा, हे कळल्याशिवाय पाणी ओतलं तर उपास घडतो. संशोधन आज त्या ‘केव्हा’पाशी आहे.

शिवाय सगळा दोष दाहावर टाकणंही बरोबर नाही. घाव मेंदूच्या कुठल्या भागात बसला, बारीक रक्तवाहिन्या आधीपासून किती झिजल्या होत्या, अल्झायमर आतून आधीच सुरू झाला होता का, यावर बरंच अवलंबून असतं. आणि स्ट्रोकनंतर सुमारे तीनपैकी एका माणसाला नैराश्य येतं. नैराश्यातला माणूसही विसराळू, गप्प आणि मंद वाटतो. त्यावर उपचार आहेत, म्हणून ते ओळखणं जास्तच महत्त्वाचं.

६. घरात ते कसं दिसतं?

माझे आजोबा मराठी शाळेत मास्तर होते. स्ट्रोकनंतर तीन महिन्यांत त्यांचा उजवा हात बऱ्यापैकी चालू लागला, सही जमू लागली, आणि आम्ही पेढे वाटले. साधारण आठव्या महिन्यात बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या. विजेचं बिल दोनदा भरलं. रमी खेळताना पानं हातात धरून बसायचे, पण डाव मांडायचे नाहीत. पेपर पहिल्या पानावरच उघडा राहायचा. आजी म्हणायची, “हट्टी झालेत, दुसरं काही नाही.” शेजारचे काका म्हणायचे, “सत्तरी ओलांडली की एवढं चालायचंच हो.”

या सगळ्यात एक गोष्ट आम्हाला धीर देत होती. संध्याकाळची जपमाळ ते एक शब्द न चुकता म्हणायचे, मिस्सेतली गाणीही. पाढे तर तीसपर्यंत खडाखडा. “यांची आठवण तर आमच्यापेक्षा चांगली!” असं घरी आलेले पाहुणे म्हणायचे.

वाचताना मला त्याचा उलगडा झाला. लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेल्या ओळी मेंदूत एका लांब साखळीसारख्या बसलेल्या असतात, पहिली कडी ओढली की बाकीच्या आपोआप येतात. मेंदूतल्या घावाने बोलणं जवळजवळ गेलेल्या माणसालाही प्रार्थना, शिव्या, मोजणी, गाणं जमू शकतं, हे डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवलं आहे. स्ट्रोकनंतर बऱ्याचदा आधी बिघडते ती वेगळी क्षमता: नवीन बेत आखणं, एका कामातून दुसऱ्याकडे वळणं, दोन गोष्टी एकदम मनात धरणं, विचाराचा वेग. म्हणून पाठांतरावरून परीक्षा घेऊ नये. बाजारातून चार वस्तू आणून सुटे पैसे बरोबर मोजता येतात का, नवीन मोबाइलवर फोन लावता येतो का, तिथे बघावं.

याची उलट बाजूही आहे. बोलता येत नाही म्हणजे बुद्धी गेली, असंही नाही. स्वीडनचे कवी तुमास त्रान्स्त्रोमर यांना १९९० साली स्ट्रोक आला. वाचा बहुतेक गेली आणि उजवा हातही गेला. ते डाव्या हाताने पियानो वाजवत राहिले, त्यानंतरही त्यांचे कवितासंग्रह निघाले, आणि २०११ साली त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं. वाचाघात आणि स्मृतिभ्रंश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातला माणूस शब्दासाठी अडला, तर त्याच्यासमोर त्याच्याबद्दल ‘यांना आता काही कळत नाही’ असं बोलू नये.

७. परीक्षा कुठल्या भाषेत?

आता आपल्या मंडळाच्या विषयाकडे येते. आकलन तपासण्यासाठी डॉक्टर छोट्या चाचण्या घेतात. २००५ साली माँट्रियलमध्ये तयार झालेली मोका ही त्यातली एक. ती ३० गुणांची आहे. घड्याळ काढायचं, शब्द लक्षात ठेवायचे, शंभरातून सात-सात वजा करत जायचं, ठरावीक अक्षराने सुरू होणारे शब्द मिनिटभर सांगायचे, वगैरे.

आजोबांना एका दवाखान्यात वजाबाकी इंग्रजीत विचारली. ते गप्प. घाम फुटला. तपासणाऱ्या ताईंनी मग मला मराठीत विचारायला सांगितलं. आजोबा म्हणाले, “त्र्याण्णव... शहाऐंशी... एकोणऐंशी...” आणि मग थांबले. तीन पायऱ्या भाषा बदलल्यावर सापडल्या. घड्याळाचे काटे मात्र मराठीतही चुकीच्या जागी गेले. म्हणजे बिघाड खरा होता, पण परक्या भाषेने तो आहे त्यापेक्षा मोठा दाखवला होता. माणूस ज्या भाषेत पाढे शिकला, त्याच भाषेत त्याचा हिशेब तपासायला हवा.

अशा चाचण्यांचं भाषांतर शब्दाला शब्द करून चालत नाही. इंग्रजी ‘एफ’ने सुरू होणारे शब्द भरपूर आहेत, मराठीत ‘फ’चे त्या मानाने कमी. मग ‘क’ घ्यायचा का ‘प’? ‘क’ घेतला तर ‘किल्ला’ आणि ‘कोयता’ धरायचे का? जोडाक्षराने सुरू होणारा ‘क्रम’? शाळेत न गेलेल्या आजीला ‘अक्षर’ म्हणजे काय, हे कसं सांगायचं? लक्षात ठेवायला दिलेले शब्द कोकणातल्या, सीमाभागातल्या आणि इंदूरच्या मराठी माणसाला सारख्याच ओळखीचे हवेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने भारतीय भाषांसाठी आकलनाच्या चाचण्यांचा एक संच केला. त्यातल्या पहिल्या पाच भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम होत्या. मराठी त्या पाचांत नव्हती. हे काम डॉक्टरांचं आहेच, पण त्यांच्या शेजारी भाषेचा अभ्यास केलेलं कुणीतरी बसायला हवं.

भाषेचा आणखी एक दुवा आपल्यासारख्यांच्या शहरातूनच आला. हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्ट्रोकच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास केला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांपैकी ४०.५ टक्के जणांचं आकलन स्ट्रोकनंतर शाबूत होतं, एकच भाषा बोलणाऱ्यांत हे प्रमाण १९.६ टक्के. वाचाघाताच्या प्रमाणात मात्र दोघांत फरक नव्हता. भाषा बदलत राहिल्याने मेंदूला जी सवय लागते, ती घावानंतर राखीव शिदोरीसारखी उपयोगी पडत असावी, असा त्यांचा अर्थ. घरी मराठी, रिक्षात कन्नड, वर्गात इंग्रजी, अशा त्रांगड्याला आपण सीमाभागातली माणसं कंटाळतो. ते त्रांगडं कदाचित कुठेतरी जमा होत असेल.

८. हाती काय आहे?

दाहावरचं नेमकं औषध येईल तेव्हा येईल. तोवर पुढच्या गोष्टी नक्की आहेत.

पहिली: दुसरा स्ट्रोक टाळणं. पेंडलबरी आणि रॉथवेल यांनी २००९ साली अनेक अभ्यास एकत्र केले. पहिल्या स्ट्रोकनंतर लवकरच सुमारे १० टक्के लोकांना नव्याने स्मृतिभ्रंश होतो. स्ट्रोक पुन्हा आला तर हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या वर जातं. रक्तदाब, साखर, तंबाखू, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, ही कंटाळवाणी यादीच सगळ्यात मोठं काम करते. प्रोग्रेस नावाच्या चाचणीत स्ट्रोक किंवा त्याचा छोटा झटका येऊन गेलेल्या ६१०५ जणांचा समावेश होता. रक्तदाब कमी करणाऱ्या औषधांनी आकलनाची घसरण १९ टक्क्यांनी कमी झाली, असं २००३ साली दिसलं. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करणं किती महाग पडू शकतं, ते यावरून समजावं.

दुसरी: संसर्ग टाळणं. स्ट्रोकनंतर शरीराची प्रतिकारशक्ती काही दिवस दुबळी होते, आणि गिळताना पाणी किंवा जेवण फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. नवा संसर्ग म्हणजे दाहाला नवं सरपण. म्हणून स्ट्रोक आलेल्या माणसाला गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने पाणी, कॉफी, काहीही देऊ नये. मायेपोटी घोटभर पाणी पाजायची आपली सवय इथे घातक ठरते.

तिसरी: तारीख लिहून ठेवणं. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने आकलनाची तपासणी मागून घ्यावी, माणूस ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत. डॉक्टरांना ‘विसरतात’ एवढंच न सांगता, काय, कधीपासून, किती वेळा, हे सांगावं. नैराश्य, कमी ऐकू येणं, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, यातलं काही त्यात मिसळलेलं असेल तर ते दुरुस्त करता येतं.

पुढच्या बैठकीसाठी दोन कामं सुचवते. प्रत्येकाने आपल्या घरी आणि गावात या आजाराला काय म्हणतात ते विचारून आणावं, त्या शब्दाचा वाक्यातला उपयोगही लिहावा. आणि ‘क’, ‘प’, ‘म’ यांपैकी एक अक्षर घेऊन घरातल्या तीन पिढ्यांना मिनिटभरात सुचतील तेवढे शब्द सांगायला लावावेत, ते न गाळता उतरवून घ्यावेत. ही वैद्यकीय चाचणी नव्हे, त्यावरून कुणाला नाव ठेवायचं नाही. पण कुठला शब्द कुठल्या पिढीला आधी आठवतो, याच्या याद्या एकत्र केल्या, तर मराठीत अशी चाचणी नीट बांधायला बसणाऱ्यांसमोर ठेवता येईल असं काहीतरी आपल्या हाती असेल.